साडेदहाची गाडी

त्यांचं खरं नाव डेपोच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. बाकी सगळे त्यांना मिनिटराव म्हणत. अठ्ठावीस वर्षं सतरा नंबरची बस चालवणारा हा माणूस एखाद्या स्टॉपच्या जवळ मिनिटभर आधी पोहोचलाच, तर अलीकडच्या कोपऱ्यावर गाडी उभी करून ते मिनिट जाऊ देई आणि मगच पुढे येई. सतरा नंबर दिसली की दुकानदारांनी शटर वर करावं, शाळेच्या शिपायाने घंटेला हात घालावा, असा त्यांचा लौकिक. त्याचा त्यांना गर्व होता. नसावा तरी का? माणसाला एखादी गोष्ट नीट जमत असेल तर थोडा तोरा असू द्यावा. ज्यांना काहीच जमत नाही तेसुद्धा मिरवतातच की.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. रस्त्यावर मिनिटामिनिटाला जपणाऱ्या या माणसाच्या झोपेला ना वेळ ना काळ. सोमवारी अकरा, मंगळवारी दीड, बुधवारी बसल्या खुर्चीत साडेनऊलाच घोरणं सुरू आणि मग मध्यरात्री जाग येऊन दोनपर्यंत डोळे टक्क उघडे. पहाटे पाचला उठून सहाच्या पहिल्या फेरीला हजर राहायचं ते राहायचंच. सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत लोळून सगळी थकबाकी वसूल. जेवण कधी नऊला, कधी साडेदहाला, आणि त्यानंतरही फ्रीजची एखादी खेप व्हायचीच.

हे सगळं त्या वर्षीच्या तपासणीत बाहेर आलं. डेपोच्या दवाखान्यात नव्या डॉक्टरबाई आल्या होत्या, मिनिटरावांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. मग रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी चष्मा काढला की समजावं, आपलं काही खरं नाही.

"रक्तदाब वाढलाय. तीन महिन्यांची शुगरही वाढलीये. झोपता किती वाजता?"

"झोप आली की."

"आणि ती कधी येते?"

"तिचं काही वेळापत्रक नाही, मॅडम."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "तुमची सतरा नंबर रोज वेगळ्या वेळेला आली तर स्टॉपवरची माणसं काय करतील?"

"शिव्या घालतील."

"तुमचं हृदय तेच करतंय. पोट तेच करतंय. शरीराला आत स्वतःचं घड्याळ असतं, काका. रात्री रक्तदाब खाली यायचा असतो, साखर आवरायची असते. तुम्ही रोज वेगळ्या वेळेला झोपता, झोपायच्या तोंडावर जेवता, मग त्या बिचाऱ्यांनी कामाला लागायचं कधी आणि थांबायचं कधी? गोळी देते. पण नुसत्या गोळीच्या भरवशावर राहू नका. साडेसातला जेवण, साडेदहाला झोप, रोज. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. यानेच सगळं उतरेल असं वचन मी देत नाही, पण याच्याशिवाय अवघड आहे. तीन महिने देते. त्यानंतरही आकडे असेच राहिले तर मला 'बस चालवण्यास अपात्र' असं लिहावं लागेल."

अपात्र म्हणजे चौकशीची खिडकी. मागच्या वर्षी बावीस नंबरच्या ड्रायव्हरला तिथे बसवलं होतं. काचेमागे बसून दुसऱ्यांच्या गाड्या कधी सुटणार ते दिवसभर लोकांना सांगत राहायचं. मिनिटरावांच्या मते त्यापेक्षा तुरुंग बरा. तिथे निदान कोणी येऊन चौकशी करत नाही. त्या रात्री ते घाबरले, आणि घाबरलेला सरकारी माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. त्यांनी एक तक्ता आखला.

तक्ता म्हणजे डेपोतल्या लॉगशीटची हुबेहूब नक्कल. तारीख, निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, शेरा. तो त्यांनी झोपायच्या खोलीच्या दाराला चिकटवला आणि दोरीला बांधून पेन लटकवलं. बाहेरच्या खोलीत त्यांची बायको शिलाई मशीनवर बसली होती. ती शाळांचे गणवेश शिवून द्यायची. त्या दिवशी तिच्या मांडीवर निळ्या बाह्यांचा ढीग होता.

"आता हे काय नवीन?"

"साडेदहाची गाडी," मिनिटराव म्हणाले. "आजपासून रोज वेळेवर सुटणार."

"सुटू दे बाई एकदाची," ती म्हणाली आणि तिने पुढची बाही सुईखाली सरकवली.

गाडी सुटली. रोज सुटली. सव्वादहाला दात घासून मिनिटराव दारापाशी यायचे, घड्याळाकडे पाहायचे, साडेदहाच्या ठोक्याला '१०.३०' लिहायचे, खाली सही ठोकायचे आणि आत जाऊन आडवे व्हायचे. दिवसा बसमधल्या कंडक्टरताईला ते दर फेरीला सांगत, "ताई, तेरा दिवस झाले, एक मिनिट इकडचं तिकडे नाही." कंडक्टरताई गेली सहा वर्षं त्यांच्या गाडीवर होती. ती म्हणायची, "दादा, पण तुमचे डोळे तर तांबडेलाल दिसताहेत." त्यावर मिनिटराव म्हणायचे, "ती धूळ गं."

सहा आठवड्यांनी मधली तपासणी होती. मिनिटराव बायकोलाही सोबत घेऊन गेले. आपलं कौतुक होणार असेल तेव्हा घरचं माणूस जवळ असलेलं बरं, असा त्यांचा साधा विचार. डॉक्टरबाईंच्या टेबलावर त्यांनी तक्त्याचे कागद इस्त्री केल्यासारखे पसरले.

डॉक्टरबाईंनी एकेक ओळ वाचली. बेचाळीस रात्री, बेचाळीस वेळा साडेदहा. मग त्यांनी पट्टा बांधला, बोटातून रक्ताचा थेंब घेतला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कमालच आहे. काही म्हणजे काही फरक नाही. दाब तर थोडा चढलाच आहे." त्या विचारात पडल्या. "झोप इतकी वेळेवर असूनही हे असं असेल तर मामला वेगळा आहे. गोळीचा डोस वाढवते. हृदयाच्या मोठ्या तपासणीला पाठवते. आणि तिचा रिपोर्ट येईपर्यंत तुम्ही गाडीवर बसायचं नाही."

मिनिटरावांच्या कानात भोंगा वाजल्यासारखं झालं. "अहो मॅडम, पण मी एक दिवस चुकलेलो नाही!"

"तेच तर म्हणतेय. रोज साडेदहाला झोप लागते तुम्हाला?"

"लागते कुठे? साडेदहाला गाडी निघते."

"म्हणजे?"

मिनिटराव आता समजावून सांगायला लागले. नवीन माणसाला डेपोचं काम समजावून सांगायची त्यांना आवडच होती. "लॉगशीटवर निघण्याची वेळ म्हणजे कंट्रोलरकडे आपण सही केली ती वेळ. सही झाली की गाडी निघाली. मग ती फाटकापाशी अर्धा तास का उभी असेना, कागदावर ती गेली. सगळ्या डेपोंत तसंच असतं."

"बरं. मग सही केल्यानंतर तुम्ही काय करता?"

"पडतो की आडवा. जरा मोबाईल बघतो."

"काय बघता?"

मिनिटराव किंचित लाजले. "बर्फातल्या घाटांतून लोक बस चालवतात, त्याचे व्हिडिओ असतात. काय वळणं असतात, मॅडम! एका बाजूला कडा, एका बाजूला दरी."

"किती वेळ?"

"साडेबारा... कधी दीड."

"आणि खाणं? साडेसातनंतर काही खात नाही ना?"

"नाव नको. फक्त मध्ये एकदा फ्रीजपर्यंत जातो. चार बिस्किटं, एखादं केळं, उरलासुरला भात. पण ते धरायचं नसतं."

"का बरं?"

"डेपोतल्या डेपोत गाडी हलवली तर ती फेरी धरत नाहीत."

एवढं बोलले आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. अठ्ठावीस वर्षांत आपण खोटं लिहिलं नाही असं मानणारा तो माणूस आपल्याच बेचाळीस सह्यांकडे बघत राहिला. डॉक्टरबाईंनी ओठ दाबून खिडकीबाहेर पाहिलं. बायकोला मात्र ते जमलं नाही. ती हसायला लागली ती थांबेचना. पदराने डोळे पुसावेत, पुन्हा 'फेरी धरत नाहीत' म्हणावं आणि पुन्हा हसावं. "अहो, मला सांगायचे, पाणी प्यायला उठलो! मी आपली फ्रीजकडे पाठ करून मशीनवर बसलेली, मला काय ठाऊक हे पाणी चावून पितात!"

"तुम्ही किती वाजेपर्यंत असता मशीनवर?" डॉक्टरबाईंनी सहज विचारलं.

"मी? साडेबारा, कधी दीड. पण मला काय धाड भरलीये? मी ठणठणीत आहे."

"द्या बघू हात."

ती हसतहसतच बसली आणि हसतहसतच तिने हात पुढे केला. डॉक्टरबाईंनी हवा सोडली, थोडं थांबून पुन्हा मोजलं, मग तिसऱ्यांदा. खोलीतलं हसू हळूहळू विरून गेलं. बायकोचा आकडा नवऱ्याच्या आकड्यापेक्षा मोठा होता.

"एका दिवसाच्या आकड्यावरून मी शिक्का मारत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण ताई, तुम्हीही गाडीत बसा आता. काका, मोठी तपासणी तूर्त राहू दे, गाडीवरही जा. पुढचे सहा आठवडे मला खरा कागद हवाय. उशीर झाला तर उशीर लिहा. उशीर मला चालेल."

 परतीच्या वाटेवर मिनिटरावांना चौकशीची खिडकी आठवतही नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे तो दुसरा, मोठा आकडा नाचत होता. आपण आजारी असू शकतो हे माणूस कधीतरी मान्य करतो. पण ती आजारी असू शकते हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. ती म्हणजे घराची भिंत, आणि भिंतीला कधी ताप येतो का?

घरी आल्यावर त्यांनी तोंड उघडलं ते भांडायलाच. काळजी वाटली की त्यांना आधी राग यायचा.

"आजपासून ती मशीन दहाला बंद! बारा-बारा वाजेपर्यंत खटखट, खटखट. मला झोप यायची तरी कशी?"

"वा! म्हणजे माझ्या मशीनमुळे तुम्ही जागे?"

"मग काय! तू बाहेर एकटी बसून शिवतेस, आणि मी आत पाय ताणून झोपू? बरं दिसतं का ते?"

ती कात्री हातात धरून थबकली. "अहो, मी शिवत बसते ते तुम्ही जागे असता म्हणून. आत मोबाईलचा उजेड दिसतो. म्हटलं, यांना झोप येत नाहीये, आपण तरी आत जाऊन कूस बदलत कशाला पडायचं? तुमचा उजेड विझला की मी मशीन झाकते."

"आणि मी तुझी मशीन थांबली की मोबाईल ठेवतो!"

 हे किती वर्षं चाललं होतं? मोजायला गेलं तर आठ. मुलगी घरात होती तोवर दहाला दिवे जायचे. तिची शाळा असायची, मग कॉलेज असायचं. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि 'चला, दिवे बंद' म्हणायला कारणच उरलं नाही. तेव्हापासून बायको नवऱ्यासाठी जागी आणि नवरा बायकोसाठी जागा, दोघांनी एकमेकांना सोबत म्हणून आठ वर्षांची झोप घालवली होती, तीही वेगवेगळ्या खोल्यांत बसून. प्रेम आंधळं असतं म्हणतात. यांचं तर वर जागंही होतं.

"आपण दोघंही बिनडोक आहोत," ती शेवटी म्हणाली.

"तू आधी म्हणालीस म्हणून बरं," मिनिटराव म्हणाले.

त्या संध्याकाळी नवा तक्ता आला. आता त्यात दोन रकाने होते, त्यांचा आणि तिचा, आणि निघण्याच्या वेळेवर तिने जाड काट मारली. "सहीला काही अर्थ नाही. चाकं फिरली की गाडी निघाली. झोप केव्हा लागली ते सकाळी उठून अंदाजाने का होईना, पण खरं लिहायचं." मोबाईल बाहेरच्या खोलीत, बिस्किटांचा डबा शेजारच्या काकूंकडे, आणि शाळांना निरोप गेला की गणवेश आठवडाभर उशिरा मिळतील. शाळांचं काही बिघडलं नाही. मुलांना तर आनंदच झाला असणार.

पहिल्या रात्रींची गंमत काय सांगावी. साडेसातला जेवून नऊला मिनिटरावांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. साडेदहाला दोघं अंधारात शेजारी पडली आणि आता काय करायचं ते कोणालाच सुचेना. "झोपलात?" "नाही. तू?" "मीही नाही." असं चार वेळा झालं. मग ती सांगायला लागली की शाळेच्या मुख्याध्यापकांनी स्वतःचं पोट आत ओढून माप दिलं आणि आता कोटाची बटणं लागत नाहीत. त्यांनी सांगितलं की एक आजोबा रोज सतरा नंबरने एकच स्टॉप जातात आणि उतरताना 'आभारी आहे, कॅप्टन' म्हणतात. सकाळी तक्त्यावर दोघांनी प्रामाणिकपणे लिहिलं: पाऊण. शेरा: गप्पा.

मग हळूहळू पाऊणचे बारा झाले, बाराचे सव्वाअकरा. सुट्टीच्या दिवशी तिने पाचलाच त्यांचं पांघरूण ओढून काढलं. मिनिटराव कळवळून म्हणाले, "अगं, आज सुट्टी आहे!" "तुमच्या हृदयाला आहे का?" तिने विचारलं.  ते उठले आणि चिडचिडत तिच्याबरोबर चालायला गेले. परत येताना चिडचिड करायचं विसरले. पाचव्या आठवड्यात एकदा मुलीने सवयीने रात्री अकराला फोन केला. कोणी उचलेना. घाबरून तिने शेजारच्या काकूंना उठवलं, काकूंनी दार बडवलं, आणि डोळे चोळत दार उघडणाऱ्या मिनिटरावांना पाहून त्या फोनवर म्हणाल्या, "काही नाही गं, झोपलेत. दोघंही. खरंच झोपलेत." तक्त्यावर त्या रात्रीचा शेरा होता: मुलीने उठवलं, तिला आता आठला फोन करायला सांगितलं आहे.

शेवटच्या तपासणीची आदली रात्र आली. रक्त दोन दिवस आधीच दिलं होतं. रिपोर्ट डॉक्टरबाईंकडे होता. साडेदहाला दिवा गेला. मिनिटराव अंधारात छताकडे बघत पडले. शेजारी तिचा श्वास संथ चालला होता. तिला जाग येऊ नये म्हणून त्यांनी कूससुद्धा बदलली नाही. आणि मग ती झोपली आहे या भरवशावर, जे दिवसा कधी बोलले नसते ते हळूच बोलले.

"उद्या गाडी गेली माझी तर मी काय करायचं गं?"

उत्तर आलं नाही. आलं असतं तर त्यांना लाजल्यासारखं झालं असतं. बऱ्याच वेळाने कधीतरी डोळा लागला.

सकाळी त्यांनी पेन हातात घेतलं. साडेदहा लिहायचा मोह झाला का? झाला. पंचेचाळीस मिनिटांनी तक्ता डॉक्टरबाईंच्या टेबलावर जाणार होता. त्यांनी लिहिलं, '१.४०'. शेऱ्याच्या रकान्यात आयुष्यभर त्यांनी पंक्चर लिहिलं होतं, रस्ता बंद लिहिलं होतं, इंजिन गरम लिहिलं होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, 'भीती वाटत होती'. मग ते बूट घालायला गेले. बायकोने मागून तक्ता उतरवला, तिची ओळ भरली आणि घडी करून पिशवीत टाकला.

डॉक्टरबाईंनी आधी दोघांचे दाब मोजले. तिचा बराच उतरला होता. त्यांचा उतरला होता, पण रात्रीच्या जागरणाने काठावर येऊन बसला होता. मग रिपोर्टचं पाकीट उघडलं. मिनिटरावांनी खुर्चीचे हात असे पकडले होते, जणू समोर उतार आहे.

"शुगर खाली आलीये," त्या म्हणाल्या. "अगदी हवी तितकी नाही, पण आलीये. आता तक्ता दाखवा."

त्यांनी तक्ता पाहिला. त्यावर पाऊण होते, बारा होते, एका रात्री 'दोन. शेरा: शेजारच्या लग्नातले पाहुणे' असंही होतं. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. 

"मागचा कागद बघून मी तुम्हाला गाडीवरून उतरवणार होते," त्या म्हणाल्या. "हा बघून सहा महिन्यांचा दाखला देतेय. गोळी चालू, तक्ता चालू." त्यांनी सही केली, शिक्का मारला, आणि तक्ता परत देताना म्हणाल्या, "काका, शेवटची ओळ वाचलीत का तुम्ही?"

"माझीच आहे की."

"शेजारची."

मिनिटरावांनी वाचलं. बायकोच्या रकान्यात वेळ होती १.४५. शेरा: हे झोपल्यावर.

त्यांनी मान वर केली. ती पिशवीची चेन उगाच लावत-काढत बसली होती.

बाहेर आल्यावर, डेपोच्या आवारात, त्यांनी विचारलं, "तू जागी होतीस?"

"होते."

"मग ऐकलंस सगळं?"

"ऐकलं."

"बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही आणखी तासभर बोलत बसला असता. सकाळी तपासणी होती." ती खाली बघत पुढे म्हणाली, "आणि उत्तर तुम्हाला माहीत असायला हवं होतं. गाडीवर बसा नाहीतर खिडकीत बसा, मला काय करायचंय? मला तुम्ही बसलेले हवे आहात. हार घालून भिंतीवर लटकलेले नकोत."

समोर सतरा नंबर उभी होती. कंडक्टरताई दारातून हातवारे करून विचारत होती, काय झालं, काय झालं. मेकॅनिक लोक हातातले पाने ठेवून बघत होते. मिनिटरावांनी दाखला खिशात घातला आणि साऱ्या डेपोसमोर बायकोचा हात धरला. कुणीतरी शिट्टी मारली. कंट्रोलरने केबिनमधून ओरडून सांगितलं की फेरीची वेळ झाली आहे.

"जा की आता," ती म्हणाली. "उशीर होतोय."

"होऊ दे," मिनिटराव म्हणाले, आणि हात काही सोडला नाही.